टिश्यूचा डबा आणि तेलकट हात

मिसळ खाताना टिश्यू नक्की कधी लागतो, याचा विचार टिश्यूचा डबा बनवणाऱ्याने कधी केला असेल असं मला वाटत नाही. ट्रे उचलताना लागत नाही, पहिल्या दोन घासांनाही लागत नाही. तर्री नाकापर्यंत पोचली, डोळ्यात पाणी आलं, उजव्या हाताची चार बोटं रश्श्यात लाल झाली आणि डाव्या हातात पाव आहे, अशा वेळी लागतो, आणि लागतो म्हणजे आत्ताच्या आत्ता लागतो. आणि डबा कुठे असतो तर तिकडे लांब, बिलिंगच्या शेजारी, जिथून आपण मघाशी ट्रे घेऊन निघालो. मग माणूस काय करतो, पुढच्या वेळी ट्रे घेतानाच मूठभर टिश्यू काढून ट्रेच्या कोपऱ्यात कोंबून ठेवतो, त्यातले निम्मे वापरतो आणि उरलेले ताकाच्या ग्लासाखाली ओले होऊन तसेच कचऱ्यात जातात.

मी नाशिकला, अंबडच्या एका शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये डिझाइन बघतो. आमच्याकडे कंट्रोल पॅनलचे बॉक्स, मशीनची कव्हरं, ब्रॅकेट असलं काम चालतं, म्हणजे पत्रा कापा, वाकवा, वेल्डिंग मारा, पाठवा. टिश्यूच्या डब्याशी माझा संबंध एवढाच की माझ्या एका जुन्या मित्राचं गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीचं सेल्फ सर्व्हिस आहे, आणि एका रविवारी गल्ला मोजताना तो वैतागून म्हणला, "भो, तू दिवसभर डबेच बनवतो ना, मग मला एक असा डबा बनवून दे की त्यातून एका वेळी एकच टिश्यू निघंल." मी म्हणलं बनवतो, त्यात काय. आता पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला कुठलाही डबा हा बघता बघता होणारा जॉबच वाटतो.

हॉटेलवाल्यांचं यावर एक ठरलेलं म्हणणं असतं की लोकांना सवयच वाईट, फुकट दिसलं की ओरबाडायचं. मला हे पटत नाही. मी मित्राच्या काउंटरपाशी उभं राहून बराच वेळ नुसती लोकांची बोटं बघितली (एक-दोन जणांना ते विचित्र वाटलं असणार, पण असो) आणि मला दिसलं ते वेगळंच. पहिला टिश्यू ओढला की तो फाटतो, बोटात नुसता चतकोर तुकडा येतो. दुसऱ्यांदा ओढला की परत तुकडा. मग माणूस चिडून दोन बोटं आत घालतो आणि पूर्ण गठ्ठाच बाहेर खेचतो. म्हणजे ज्याला आपण हावरट म्हणतोय त्याला एकच हवा होता, डब्याने दिला नाही. आणि एकदा हा अनुभव आला की तो माणूस पुढच्या वेळी पहिल्यापासूनच गठ्ठ्याला हात घालणार. लोकांना ओरबाडायला डबाच शिकवतो.

आता तो फाटतो का, ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे.

काउंटरवर जो चकचकीत स्टीलचा डबा असतो ना, दोन्ही बाजूंनी खिडकी असलेला, त्यात टिश्यू उभे लावलेले असतात आणि मधे स्प्रिंग असते, ती गठ्ठ्याला खिडकीकडे ढकलते. स्प्रिंगचं गणित आपण सगळे अकरावीत शिकलोय, हुकचा नियम, जेवढी दाबाल तेवढी जास्त जोरात ती उलट ढकलणार. म्हणजे डबा पूर्ण भरला की स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबलेली, म्हणजे टिश्यूवर सगळ्यात जास्त दाब, म्हणजे ओढायला सगळ्यात अवघड. आणि डबा संपत आला की स्प्रिंग सैल, तेव्हा एकाबरोबर चार बाहेर. मधल्या थोड्या वेळापुरता तो डबा बरोबर चालतो. त्यात रविवारी सकाळी गर्दीच्या आधी पोऱ्या डबा भरतो तो दाबून भरतो, कारण परत परत भरायला कोणाला वेळ आहे, दोन पाकिटांच्या जागी अडीच पाकिटं बसवली की त्याचं काम सोपं. त्याची चूक नाहीये, डब्यावर कुठे लिहिलंय की इथपर्यंतच भरा म्हणून. पण मग त्या डब्यातून टिश्यू काढणं म्हणजे गच्च भरलेल्या एसटीतून मागच्या सीटवरच्या माणसाने पुढच्या दाराने उतरण्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट कागदाची. टिश्यूचा कागद आपण समजतो तेवढा साधा नाही. बनवताना ओला कागद एका मोठ्या गरम ड्रमवर वाळतो आणि तिथून तो पात्याने खरवडून काढतात, त्यामुळे त्यावर बारीक बारीक चुण्या पडतात, त्या चुण्यांमुळेच तो मऊ लागतो आणि थोडा ताणतो. पण ताणतो एकाच दिशेने. शिवाय धागे बहुतेक मशीनच्या दिशेनेच, म्हणजे कागद मशीनमधून ज्या दिशेने पुढे सरकतो त्याच दिशेने झोपलेले असतात. घरी करून बघा, एक टिश्यू घ्या आणि एका बाजूने फाडा, छान सरळ लांब पट्टी निघते. आता दुसऱ्या बाजूने फाडा, वेडावाकडा तुकडा निघतो. सरळ पट्टी निघते ती मशीनची दिशा. त्या दिशेने ओढला तर टिश्यू आधी ताणतो मग तुटतो, आडवा ओढला तर जास्त ताणत नाही आणि लवकर जातो. म्हणजे डब्यात टिश्यू कुठल्या बाजूने लावलाय याच्यावर तो हातात पूर्ण येणार की तुकड्यात हे ठरतं, आणि हे लावणाऱ्या पोऱ्याला कोणीच कधी सांगितलेलं नसतं, मालकालाही माहिती नसतं.

आणि तिसरं म्हणजे ओलावा. कागद हवेतलं पाणी पितो, जुलै-ऑगस्टमधे नाशिकची हवा कशी असते ते इथल्यांना सांगायला नको, कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत तर टिश्यू काय कोरडा राहणार. लुळा पडतो, एकमेकाला चिकटतो. त्यात ओढणारी बोटं तर्रीत बुडालेली किंवा नुकती बेसिनवर धुतलेली, म्हणजे पाणी गळतंय. ओलं बोट लागलं की त्या जागी कागदाची ताकद संपलीच. कोरड्या बोटांनी हळूच चिमटीत धरून ओढला तर जवळजवळ कुठलाही डबा चालतो. शोरूममधे बघताना आपण तसाच ओढतो. मिसळीच्या दुकानात तसं बोट कोणाचंच नसतं.

बाजारात याच्यावर उपाय नाहीत असं नाही. टॉर्क या ब्रँडचे एक्सप्रेसनॅप म्हणून डबे येतात, त्यात टिश्यू एकमेकांत गुंतवून घडी घातलेले असतात, एक ओढला की पुढच्याचं टोक आपोआप बाहेर येतं, घरातल्या फेशियल टिश्यूच्या बॉक्ससारखं. कंपनीचा दावा आहे की जुन्या पद्धतीच्या डब्यापेक्षा वापर निदान २५ टक्के तरी कमी होतो, आणि मला तो खोटा वाटत नाही, कारण हाताला एकच लागतो, तोही पूर्ण. पण त्यात त्यांच्याच मापाचे, त्यांच्याच घडीचे टिश्यू घालावे लागतात. मोठ्या चेनला, विमानतळावर ते परवडतं. माझ्या मित्राचं टिश्यू खरेदी करणं म्हणजे मेन रोडवरच्या होलसेलवाल्याकडे जाऊन जे स्वस्त असेल ते पोतंभर उचलून आणणं, आज एक ब्रँड तर पुढच्या महिन्यात दुसरा, पाकिटावर १०० लिहिलेलं असतं आणि आत कितीही निघोत. डबा असा हवा की ज्यात हा गरीब बिचारा चौघडी टिश्यू चालेल. ही अट मी पहिली लिहिली.

दुसरी अट काकूंनी घातली. काकू म्हणजे मित्राची आई, सकाळी गल्ल्यावर त्याच बसतात. मी एकच टिश्यू निघेल असा डबा बनवतोय म्हणल्यावर त्या म्हणाल्या, "अरे पण लोकांना मोजून दिल्यासारखं नको वाटायला बाबा. खायला आलेत ते आपल्याकडे. दोन लागले तर दोन घेऊ दे, फक्त वाया नको जायला." हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण एकच निघणारा डबा बनवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे खिडकी इतकी बारीक करायची की माणसाला त्रास झाला पाहिजे. असे डबे आहेत, मी वापरलेत, आणि अशा ठिकाणी पहिला विचार येतो तो मालकाच्या कंजुषीचा. सेन्सरवाले पण बघितले, हात दाखवा मग मोटर फिरते मग एक टिश्यू येतो. नाक गळत असताना मशीनपुढे हात हलवत उभं राहायचं, वर लाइट गेली की संपलं. नको रे बाबा.

स्प्रिंग काढून टाकायची हे लवकरच ठरलं. एक पर्याय होता कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंगचा, म्हणजे मेजरिंग टेपमधे गुंडाळलेली पट्टी असते त्या जातीची, ती कितीही ओढली तरी जोर जवळपास तेवढाच राहतो. चांगली गोष्ट आहे, पण ती मागवायची, बसवायची आणि दोन वर्षांनी तुटली की मित्र परत माझ्याच दारात. उत्तर मला मित्राच्याच दुकानात सापडलं, आणि ते वरकाम करणाऱ्या पोराने आधीच काढून ठेवलं होतं. आतल्या टेबलांवर डबे नाहीत, तिथे नुसता टिश्यूचा गठ्ठा बशीत ठेवतात, आणि वर पंखा पाचवर. टिश्यू उडू नये म्हणून तो पोरगा गठ्ठ्यावर एक स्टीलची वाटी उपडी घालून ठेवतो. लोक वाटीच्या कडेखालून एक एक टिश्यू ओढून घेतात, फाटत नाही, उडत नाही, गठ्ठा पूर्ण असो की अर्धा, वाटीचं वजन तेवढंच. हुकचा नियम गेला उडत. मी त्याला विचारलं हे कोणी सांगितलं तुला, तर म्हणे, "कोण सांगणार दादा, सारखे उचलायला वाकावं लागायचं."

मग डबा असा झाला. टिश्यू आडवे, एकावर एक. त्यांच्यावर एक सुटी प्लेट, जी गठ्ठा कमी होईल तशी आपोआप खाली येत जाते. टिश्यू सगळ्यात वरचा काढायचा, प्लेटच्या खालून. खालून काढायचा डबा करू नका, तिथे पूर्ण गठ्ठ्याचं वजन त्या एका टिश्यूवर येतं. हिशेब सोपा आहे, ३० बाय ३० सेंटिमीटरचा टिश्यू, कागद समजा १७ जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला १७ ग्रॅम, तर एक टिश्यू साधारण दीड ग्रॅम, म्हणजे १०० चं पाकीट दीडशे ग्रॅम. दोन पाकिटं भरली तर भरल्या डब्यात आणि रिकाम्या डब्यात तीनशे ग्रॅमचा फरक. वरून काढलं तर फक्त प्लेटचं वजन, पहिल्या टिश्यूपासून शेवटच्यापर्यंत तेवढंच.

प्लेट किती जड हवी यात बराच खेळ आहे. दोन मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा त्या मापात पावणेतीनशे ग्रॅमच्या वर जातो, त्याखालून कोरड्या हाताने टिश्यू निघतो पण ओल्या बोटाने फाटतो. फार हलकी केली, अॅल्युमिनियमची पातळ वगैरे, तर पंख्याच्या वाऱ्याने फडफडते आणि एकाबरोबर खालचा पण येतो. एक मिलिमीटरचा पत्रा, पुढे अंगठ्यापुरता कापलेला, साधारण सव्वाशे ग्रॅम भरतो, तो बरोबर बसला. अर्थात हे चौघडी, एकपदरी, स्वस्त टिश्यूसाठी. दोनपदरी जाड टिश्यू लावले तर जड प्लेट पण चालेल, पण जाड टिश्यू लावणाऱ्या हॉटेलात बहुतेक वेटर असतो.

आता घडी. चौघडी टिश्यूला चार कडा असतात, त्यातली एकच कड पूर्ण बंद असते, शेवटच्या घडीची. वहीची शिवण असते तशी ती. बाकीच्या कडांना पदर सुटे दिसतात. बंद कड बाहेरच्या बाजूला असेल तर बोटाला पूर्ण टिश्यू लागतो आणि ओढला की सगळा येतो. सुटी कड बाहेर असेल तर चिमटीत एकाचा एक पदर आणि खालच्याचा एक पदर असं काहीतरी सापडतं, मग एक उलगडत येतो, दुसरा फाटत येतो, आणि जमिनीवर तिसराच पडतो. पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलात त्रिकोणी स्टँडमधे टिश्यू दिसले तर बघा, निम्म्या वेळा सुट्या कडा वर असतात.

हे पोऱ्याला समजावून सांगायचं की डब्यालाच समजावायचं, तर मी डब्याच्या बाजूचा. माझा मित्र सध्या जो टिश्यू घेतो तो नेमका चौरस नसून ३० बाय २७ आहे, म्हणजे घडी केल्यावर १५ बाय साडेतेरा. डबा आतून साडेपंधरा बाय चौदा केला तर टिश्यू आडवा घालताच येत नाही. चार पद्धतीने घालता आला असता तो आता दोनच पद्धतीने जातो, एक बरोबर आणि एक उलटी. उरलेल्या त्या एका उलटीसाठी आतल्या भिंतीवर स्टिकर लावलं, घडीचं चित्र आणि बाण. नशीब असं की या ब्रँडमधे ताणणारी दिशा आणि ओढायची दिशा एकच येते. दुसऱ्या ब्रँडमधे येईलच असं नाही, पण बंद कड बरोबर असली तरी अर्ध्याहून जास्त भांडण मिटतं.

पण बंद कडांचा एक त्रास आहे. सगळ्या घड्या एकाच बाजूला आल्या की त्या बाजूने गठ्ठा फुगतो. वह्यांचा गठ्ठा सगळ्या शिवणी एकीकडे करून ठेवा, तो कसा कलतो. प्लेट पुढे उंच, मागे खाली, अशी तिरकी बसायची आणि मागच्या कोपऱ्यात अडकायची. म्हणून डब्याचा तळच उलटा तिरका केला, पुढे थोडा खाली आणि मागे थोडा वर, म्हणजे पूर्ण गठ्ठ्याची वरची बाजू साधारण सपाट येते. आणि गठ्ठा पुढे घसरू नये म्हणून पुढची भिंत पूर्ण ठेवली, तिला मधे फक्त अंगठा जाईल एवढी उभी फट. ही फट दोन बोटांची केली असती तर लोकांनी मधूनच गठ्ठा उचकटला असता. पोरं तर नक्कीच.

फटीच्या कडेबद्दल थोडं सांगतो कारण इथे आमच्या धंद्यातले लोक आळस करतात. लेझरने पत्रा कापला की कडेला बारीक बर, म्हणजे धारदार खरखरीत कड राहते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की कळते. टिश्यूसाठी ती बर म्हणजे करवत. प्रत्येक टिश्यू त्या कडेवरून जाणार, प्रत्येकाला चरा पडणार आणि मग ओढणाऱ्याला वाटणार टिश्यू हलका आहे. शिवाय लहान पोराने तिथे बोट घातलं तर चिरणार. म्हणून सगळ्या उघड्या कडा आत वळवून चपट्या दाबल्या, हेमिंग म्हणतो आम्ही त्याला. एका जॉबमागे दोन वाक जास्त, थोडा खर्च वाढतो, पण यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचंच घेतलं. २०२ स्वस्त पडतं पण मिसळीच्या दुकानात मीठ, लिंबू, ताक, दही हे सगळं सांडणार आणि दिवसातून सतरा वेळा ओलं फडकं फिरणार, २०२ ला लवकर डाग पडतात आणि डाग पडलेल्या डब्यातला टिश्यू तोंडाला लावायची इच्छा होत नाही.

फडक्यावरून आठवलं, बाजारातले बरेच डबे तळाशी सपाट काउंटरवर टेकलेले असतात. काउंटर पुसला की पाणी कडेने आत जातं आणि खालचे टिश्यू भिजून लगदा होतात. त्याच्यावर परत नवीन भरतात. खालचे किती महिन्यांपासून तिथे आहेत कोणालाच माहिती नसतं. याला चार रबरी पाय लावले, हार्डवेअरच्या दुकानात स्टुलाचे मिळतात तेच, डबा सेंटिमीटरभर वर उचलला, आणि एका हाताने टिश्यू ओढला तरी डबा जागचा हलत नाही हा फुकटचा फायदा. एका हाताने हे मुद्दाम लिहितोय. सेल्फ सर्व्हिसमधे दुसरा हात रिकामा कधीच नसतो, त्यात ट्रे असतो नाहीतर लेकरू असतं.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्लेटचे कान. प्लेटच्या दोन्ही बाजूंना छोटे कान काढले, ते डब्याच्या बाजूच्या उभ्या खाचांमधून बाहेर डोकावतात. त्यामुळे प्लेट कोणी उचलून नेत नाही, तिरकी होत नाही, आणि बाहेरून लांबूनच दिसतं की डबा कुठपर्यंत आलाय. कानाला लाल रंग मारला. खाचेची लांबीच अशी ठेवली की एक पाकीट घातलं की कान सगळ्यात वर टेकतो, त्याच्यावर भरायला गेलात तर झाकण लागत नाही. एक पाकीट म्हणजे एक भरणं. अर्धं उरलेलं पाकीट कुठेतरी शेल्फवर धूळ खात पडत नाही आणि दाबून भरायचा विषयच संपला. भरायच्या पोराला हा डबा आवडला पाहिजे, त्याला आवडला नाही तर तो वाटीच ठेवणार, आणि खरं सांगायचं तर वाटी काही वाईट नाही.

आता डबा कुठे ठेवायचा. मित्राला तो काउंटरवरच हवा होता, तिथे शोभून दिसतो म्हणे. मी म्हणलं, तिथे माणसाला माहितीच नसतं की त्याला किती लागणार, आणि माहिती नसलं की माणूस जास्तच घेतो, तू पण घेतो. तर्री किती तिखट आहे हे खाल्ल्यावर कळतं. म्हणून डबे आत नेले, दर तीन-चार टेबलांमागे एक, बसल्या बसल्या नाही पण उठून दोन पावलांवर. आणि ट्रेमधे चमच्याखाली एकच टिश्यू आधीच ठेवायचा, काउंटरवर बाकी काही नाही. काउंटरवरची मूठ बंद झाली ती मुख्यतः याने, डब्याने कमी, हे मला कबूल करायला लागेल जरी डबा माझा असला तरी.

बेसिनची गोष्ट वेगळी, ती या डब्याने सुटत नाही. आपल्याकडे जेवल्यावर हात धुणार म्हणजे धुणारच, आणि धुतलेले ओले हात पुसायला तोंड पुसायचा एकपदरी टिश्यू वापरला की तो हातावर विरघळतो आणि बोटांना पांढरे कण चिकटतात, मग अजून तीन घ्या. तोंड पुसणं आणि हात कोरडे करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बेसिनपाशी जाड हँड टॉवेल ठेवा, इंग्रजी एम अक्षरासारख्या घडीचे मिळतात, ते एकमेकांत गुंतलेले असतात, ओला हात लागला तरी टिकतात कारण त्यात ओलं झाल्यावर धरून ठेवणारं रेझिन घातलेलं असतं. एक महाग टॉवेल पाच स्वस्त टिश्यूंपेक्षा बरा. काही जण यावर सांगतील की वडापाववाले पेपरचे तुकडे देतात की, त्याने काय बिघडतं. बिघडतं. छापील कागदात खाणं बांधू नका, वाढू नका, तळलेल्याचं तेल टिपू नका असं एफएसएसएआय ही अन्नसुरक्षेची सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगतेय, शाईमुळे, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांतही ते आहे. तोंड पुसायला तर मुळीच नको.

२०२७ ला सिंहस्थ आहे, त्र्यंबक रोडला आत्तापासूनच जो तो हॉटेल टाकायच्या गोष्टी करतोय, आणि गर्दीत वेटर ठेवणं कोणाला जमणार नाही, सगळं सेल्फ सर्व्हिसच होणार. मित्राने त्याच्या एका नातेवाइकाला डबा दाखवला, त्याने लगेच विचारलं, याच्यावर जाहिरात चिकटवता येईल का. येईल. मागच्या भिंतीवर भरपूर जागा आहे, फक्त बाजूच्या खाचा झाकू नका, लाल कान दिसला पाहिजे.

एक भोक मात्र अजून बुजलेलं नाही, ते म्हणजे पार्सल. पार्सल बांधणारा प्रत्येक पिशवीत टिश्यू टाकतो, आणि त्याला एकेक काढायला वेळ नसतो, मग तो जवळचा डबा उघडतो, प्लेट बाजूला करतो आणि आतला गठ्ठाच उचलतो. झाकणाला कुलूप लावू का असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "कुलूप कशाला, किल्ली शोधत बसतील सगळे." बरोबर आहे. तर पार्सलच्या टेबलाला डबा द्यायचाच नाही, तिथे उघडं पाकीट, वर ती जुनी स्टीलची वाटी, आणि पिशवीत रोज किती टाकायचे ते काकू सांगणार.